मदत हवी आहे: भावाच्या रेटिनावर रक्तवाहिन्यांच्या गाठी

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो. धाकट्या भावाच्या (वय 26) उजव्या डोळ्याच्या पडद्यावर दोन गाठी निघाल्यात, हिमँजिओब्लास्टोमा. कॅन्सर नाही, पण त्या पाझरून पडदा सुटू शकतो म्हणे. कडेची गाठ छोटी आहे, तिला लेझर करायचं ठरलंय. खरी डोकेदुखी दुसरी! ती डोळ्याच्या नसेला चिकटून आहे. तिथे लेझर मारला तर नजरच जायची भीती. डॉक्टर म्हणतात, सध्या थांबून बघू. आईला हे काही पटत नाही.

व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाऊ, शरीरात अशा गाठी होणारा आनुवंशिक आजार) आहे का, यासाठी जनुकीय तपासणी आणि मेंदू-मणक्याचा एमआरआयही सांगितलाय. मुंबईत नसेजवळच्या अशा गाठीवर कोणी उपचार घेतलेत का? पीडीटी (शिरेतून औषध देऊन मग प्रकाशाने गाठ आटवायची ती फोटोडायनॅमिक थेरपी) केलं, की नुसती नजर ठेवली? जनुकीय तपासणीला साधारण खर्च किती आला? आणि सख्ख्या भावंडांचीही केली का?