मदत हवी आहे : जुन्या कामगार क्लबची इमारत, हेरिटेज यादी आणि पुरावे

नाशिकरोडला आमच्या गल्लीच्या टोकाशी जुन्या कामगार क्लबची बैठी इमारत आहे. पंधरा-सोळा वर्षं बंद. आता पाडून तिथे संकुल होणार म्हणतात, नोटीस अजून लागलेली नाही. जागा ट्रस्टची, विश्वस्त 'बघू' म्हणतात.

दिसायला साधीच: मंगलोरी कौलं, छपराच्या सागवानी कैच्या, शहाबादी फरशी. आत छोटा रंगमंच आणि भिंतीवर रंगवलेला, अर्धा पुसलेला 'आजचा कार्यक्रम' फळा. कॅरमपासून संपाच्या सभांपर्यंत सगळं इथेच झालं, १९२५ला सुरू झालेल्या सिक्युरिटी प्रेसमधले (मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना) लोकही यायचे. माझ्या मते खरी किंमत इथे घडलेल्या या सगळ्याचीच, कौलांची नव्हे.

प्रॉपर्टी कार्ड काढलं, त्यात बांधकामाचं साल नाही. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या नोंदीचा उतारा मिळाला. महापालिकेच्या हेरिटेज यादीत इमारत सापडली नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक नकोय, हेरिटेज यादीतली सगळ्यात खालची, श्रेणी ३ पुरे.

इमारत यादीत घ्यावी असा प्रस्ताव कोणी दिलाय का? मालकाच्या संमतीशिवाय तो घेतात का? आणि वास्तुशैली सामान्य असताना निव्वळ सामाजिक इतिहासावर श्रेणी ३ मिळवायची, तर कोणते पुरावे जोडायचे?