सल्ला हवा: ट्रेनर विमानाचं मॉडेल, पिलाटस की एचटीटी-४०?

मृण्मयी_नाशिक
लेक नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'वायुदलाचा पायलट पहिल्यांदा कशावर शिकतो' हा विषय घेतलाय. मॉडेल आणि शेजारी माहितीचा फलक. बजेट १,५०० रुपये, वेळ तीन आठवडे. स्विस पिलाटस पीसी-७ मार्क-२ करावं की एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) एचटीटी-४०? तयार नको, तिला स्वतः बनवायचंय.

आकाशवेडा
सरळ फोमचं रिमोटवालं घ्या. मी १४ हजारांना घेतलं, आजही मस्त उडतं. प्रदर्शनात उडवून दाखवलं की पहिलं बक्षीस पक्कं.

मृण्मयी_नाशिक
दादा, बजेट १,५०० आहे.

बाल्साप्रेमी
पिलाटस. २०१२ मध्ये वायुदलासाठी ७५ विमानांचा करार झाला, हैदराबादजवळ दुंडीगलच्या वायुदल अकादमीत मुलं त्यावरच शिकतात. फोटो भरपूर मिळतात. पंखांची लांबी १०.१९ मीटर, म्हणजे १/४८ प्रमाणात मॉडेल केलं तर साधारण २१ सेंमी. टेबलावर छान दिसेल. किट घेणार असाल तर डबा नीट बघा. मला एका दुकानदाराने मार्क-२ सांगून जुनं पीसी-७ दिलं. जुन्याला पंख्याची पाती तीन, मार्क-२ ला चार. शिवाय मार्क-२ मध्ये मागची सीट उंचावर असते.

निवृत्त_तंत्रज्ञ
फलकावर पिलाटसच्या आधीचं आमचं ट्रेनर, एचपीटी-३२ दीपक, आधी लिहा. पिस्टन इंजिन, २६० अश्वशक्ती, दोघे शेजारी-शेजारी बसायचे, इजेक्शन सीट (संकटात पायलटला बाहेर फेकणारी) नाही. २००९ च्या अपघातानंतर त्याची उड्डाणं थांबवली, म्हणून तर पिलाटस घ्यावं लागलं. हल्ली हे कुणी सांगत नाही.

बाल्साप्रेमी
काका, मुद्दा मॉडेलचा आहे.

टर्बाइन_तात्या
इंजिनाचा फरक दाखवा, परीक्षक तेच विचारतात. पिलाटसचं पीटी६, ७०० अश्वशक्ती. त्यात पंखा फिरवणारी टर्बाइन (गरम वायूने फिरणारं चाक) कॉम्प्रेसरला (हवा दाबणाऱ्या भागाला) जोडलेली नसते, मधे फक्त गरम वायू. इंजिनात हवा मागून आत येते आणि धूर पुढे नाकाजवळच्या नळ्यांतून बाहेर पडतो. त्या नळ्या मॉडेलवर विसरू नका. एचटीटी-४० चं टीपीई३३१, ११०० अश्वशक्ती. सगळं एकाच शाफ्टवर (दांड्यावर), त्यामुळे थ्रॉटलला (वेग वाढवायच्या दांडीला) प्रतिसाद झटकन.

आकाशवेडा
पीटी६ जास्त भरवशाचं. जगभर तेच वापरतात.

टर्बाइन_तात्या
ब्रिटिशांनी त्यांच्या टुकानो ट्रेनर विमानाचं पीटी६ काढून टीपीई३३१च बसवलं होतं. जरा वाचा.

गोंद_आणि_ब्रश
पिलाटसला +१. पाती चार, वर सांगितलंच आहे. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढरी पडते. साधा पांढरा फेविकॉल पुरतो. आकार बरोबर आला तरच रंगावर खर्च करा.

ओझरचा_पाहुणा
एचटीटी-४० केलंत तर पहिल्या प्रोटोटाइपचे (चाचणीच्या नमुना विमानाचे) २०१६ चे फोटो वापरू नका. स्पिनच्या (गिरक्या घेत खाली येण्याच्या) चाचण्यांच्या काळात शेपटीत बदल झाले. अलीकडचे फोटो घ्या.

मृण्मयी_नाशिक
सगळ्यांचे आभार. तुम्ही बहुतेकांनी पिलाटस सांगितलंत, पण लेकीने एचटीटी-४० ठरवलंय. २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला आणि २०२५ मध्ये त्याची दुसरी उत्पादन साखळी आमच्याच नाशिकला सुरू झाली. तिचं म्हणणं, घराजवळ बनणारं विमान सोडून स्विस विमान का करायचं? किट मिळालं नाही, बाल्साच्या हलक्या लाकडातूनच कापणार. इंजिनाच्या दोन आकृत्या आणि दीपकची माहिती फलकावर घेतेय, काका.

बाल्साप्रेमी
पिलाटसच सोपं पडलं असतं. असो. पंखाला ३ मिमीची फळी घ्या, त्याहून पातळ वाकते.