शेजारी राउटर दिसतोय, पण ‘फुल’ (पूर्ण जुळणी) होत नाही
काही जण म्हणतात की हॅलो (ओळखीचं छोटं पॅकेट) पोचला की ओएसपीएफमध्ये, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, शेजार जुळलाच. तसं नाही. एरिया, सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि दोन्ही टायमर (हॅलो किती वेळाने पाठवायचा आणि किती वेळ न आल्यास शेजारी गेला समजायचा; इथरनेटवर सहसा 10 आणि 40 सेकंद) जुळावे लागतात. समोरच्याच्या हॅलोत आपला राउटर आयडी दिसला की टू-वे, म्हणजे दोघांनी एकमेकांना ओळखल्याची अवस्था. खरी मेख त्यापुढे आहे. माझ्याकडे एकदा शेजारी एक्सस्टार्टमध्येच (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याची अवस्था) अडकून बसला. पिंग व्यवस्थित, हॅलो येत-जात. निघालं काय, तर एकीकडे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) 1500, दुसरीकडे 9000! पिंगची पॅकेट लहान, म्हणून ती बिनबोभाट जात होती. अशा वेळी एमटीयू-इग्नोर (ही तपासणीच टाळणारी आज्ञा) लावून मोकळे होऊ नका, आकडा दोन्हीकडे सारखा करा. आणि हो, जे डीआर (नेटवर्कवर नेमलेला मुख्य राउटर) किंवा बीडीआर (त्याचा राखीव) नाहीत असे दोन राउटर आपसात टू-वेवरच राहतात, तो बिघाड नव्हे.