सेकंडहँड लॉजी घ्यावी का? बॉडी पार्टबद्दल मदत हवी आहे

दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. २०१७ ची रेनॉ लॉजी, डिझेल, ओळखीतल्याकडून मिळत आहे. त्याच पैशात एर्टिगा फारच जुनी येते. रीसेलचं टेन्शन नाही, मोडेपर्यंत वापरणार. आमच्या मिस्त्रीने चालवून पाहिली, इंजिन ठणठणीत म्हणतो. इंजिन डस्टरवालंच १.५ लिटरचं, त्यामुळे फिल्टर, बेल्टची काळजी नाही.

अडतं ते बॉडीवर. गाडी फारशी खपलीच नाही, बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) आल्यावर बंदही झाली. यवतमाळच्या दुकानांत हेडलाइट, पुढची काच विचारली तर "ऑर्डर टाकून पाहू" एवढंच. आणि इकडे रात्री रोही (नीलगाय) कधी आडवा येईल नेम नाही!

"मारुतीच घे" सोडून सांगा भाऊ: नागपूर-अमरावतीकडे लॉजी वापरणाऱ्यांना हेडलाइट, काच, बंपर कुठून आणि किती दिवसांत मिळाले?