एलएम३५ : ऑप-अँप नंतर, आधी रेफरन्स बघा
एलएम३५ या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं अर्डुइनो ऊनो (आर३) बोर्डावरचं रीडिंग अर्ध्या-एक अंशाने उड्या मारतंय म्हणून कुणीतरी ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) लावायचा सल्ला दिलाय, पण इतकी घाई कशाला? एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ऊनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे १०२४ पायऱ्यांचा; ५ व्होल्टवर एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा अंश तिथेच गेला. त्यात ते ५ व्होल्ट, म्हणजे मोजणीचा आधार (रेफरन्स), यूएसबीचे, त्यांचा काय भरवसा! ऊनोच्या चिपमधला आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स निवडा, पायरी ०.१ अंशावर येते. मात्र तो नेमका १.१ नसतो, बोर्डाच्या एरेफ (रेफरन्सच्या) पिनवर मल्टिमीटरने मोजून तोच आकडा कोडमध्ये घाला. लांब वायर असेल तर आउटपुटवर नुसता कपॅसिटर ठोकू नका, सेन्सर ऑसिलेट होतो, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली होत राहतं. त्याऐवजी ७५ ओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावा, आउटपुट ते ग्राउंड.