होंडा पायलटमागे २५ फुटी ट्रेलर चालेल का?

नमस्कार. आमच्याकडे होंडा पायलट आहे, ऑलव्हील ड्राइव्ह. टोइंग क्षमता ५,००० पौंड, टंगची (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा गाडीवर येणारा भार) मर्यादा ५०० पौंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर १,३१० पौंड लिहिलंय. एक २५ फुटी बंकहाउस (बंक बेडवाला ट्रेलर) बघून ठेवलाय: ड्राय वेट (रिकाम्या ट्रेलरचं वजन) ४,२००, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावर चालणारं कमाल वजन) ५,५००. डीलर म्हणतो, ८०० पौंड शिल्लक राहतात, बिनधास्त न्या. घरात आम्ही चौघं, उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा आले की सहा. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून टाहो सरोवर आणि योसेमिटीला जायचंय. घ्यावा का?

हिशेबनीस

हा ट्रेलर घेऊ नका. डीलरने ड्राय वेट धरलंय, आणि त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच नसतो. बॅटरी साधारण ५० पौंड. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७५. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ३० गॅलनचे २५०. वर अंथरुणं, भांडी, कुकर, किराणा, खुर्च्या, होज, लेव्हलिंगचे ठोकळे. कुटुंबाचा ट्रेलर बघता बघता ८०० ते १,००० पौंडांनी जड होतो. म्हणजे तुमचा ५,००० च्या आसपास जाणार.

पण तुमची गाडी त्याच्याही आधी टंगवर अडते. ट्रॅव्हल ट्रेलर सरळ चालायला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) लागतो. १० म्हणजे अगदी काठावर, शेजारून मोठा ट्रक गेला की शेपूट हलायला लागते. १२.५ टक्के धरून चाला. ५,००० चे झाले ६२५ पौंड, आणि तुमची मर्यादा ५००. उलटं गणित करा: ५०० भागिले ०.१२५, म्हणजे भरलेला ट्रेलर ४,०००. पायलटचा खरा आकडा हा.

आता पिवळा स्टिकर. त्या १,३१० मध्ये माणसं, सामान, हिच आणि टंगचा भार, सगळं येतं. सहा जण अंदाजे ७२५, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टंगचा भार ताणलेल्या बारनी पुढच्या चाकांकडेही वाटणारा) ८५, डिकीतलं सामान १००. उरले ४००. म्हणजे सहा जण असताना भरलेला ट्रेलर ३,२०० च्या वर नको. चौघंच (साधारण ४४५ पौंड) असाल तर ६८० उरतात, मग ५०० ची मर्यादाच आड येते. बहुतेक कंपन्या ज्या एसएई जे-२८०७ चाचणीवरून टोइंगचा आकडा काढतात, तिच्यात गाडीत १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

एक्सलवाला

हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एवढंच, की कागदावर थांबू नका, कॅट स्केलवर वजन करा. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो. पुढचा एक्सल पहिल्या पाटावर, मागचा दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या पाटावर घ्या. तीन वजनं हवीत: हिचचे बार ताणून, बार सोडून, आणि ट्रेलर काढून नुसती गाडी. माणसं तिन्ही वेळा गाडीतच बसलेली असू द्या.

समजा नुसती गाडी ५,१८०. ट्रेलर जोडून, बार सोडून गाडीचे दोन एक्सल मिळून ५,६५०. फरक ४७० हा टंगचा भार. ट्रेलरचा एक्सल ३,३९० असेल तर ट्रेलर ३,८६०, आणि टंग १२.२ टक्के. उत्तम. बार ताणल्यावर पुढच्या एक्सलचं हललेलं वजन बऱ्यापैकी परत आलं पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलकं लागतं. किती परत आणायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. काही कंपन्या हा हिच वापरूच नका म्हणतात, तेही तिथेच कळेल.

लोक हमखास चुकतात ते सायकलींत. त्या मागच्या बंपरवर लटकवल्या की टंग उचलला जातो. रॅकसकट १२० पौंड, एक्सलच्या १० फूट मागे, आणि कपलर (ट्रेलरचं हिचवर बसणारं टोक) १४ फूट पुढे असेल, तर टंगवरून ८५ पौंड गेले. वरच्या उदाहरणातला ४७० चा टंग ३८५ वर आणि ट्रेलर ३,९८० वर: ९.७ टक्के. एवढ्या एका रॅकने चांगला ट्रेलर डुलायला लागतो. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर ती भरून नेल्यावरही हेच होतं. जड सामान एक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत ठेवा.

प्रश्नकर्ता

डोळे उघडले. मग सहा जणांचं काय करावं? आई-बाबांना ट्रेलरमध्ये बसवून नेता येईल का? आणि टाहोच्या चढाला पायलट पुरेल?

घाटरस्ता

कॅलिफोर्नियात चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे, आणि तसंही बसवू नये.

एरवीसाठी १६ ते १९ फुटी, ड्राय ३,००० च्या आत, जीव्हीडब्ल्यूआर ३,८०० च्या आसपासचा बघा. आई-बाबा असतील तेव्हा भाड्याचा ट्रेलर थेट कॅम्पसाइटवर पोचवून घ्या, आउटडोर्सी किंवा आरव्हीशेअर या साइटवर बरेच मालक ती सोय देतात. तुमची गाडी फक्त माणसं नेईल. बंकहाउसच हवा असेल तर आधी शेव्हरोले टाहो, फोर्ड एक्स्पिडिशनसारखी फुल-साइज गाडी घ्या, ट्रेलर नंतर.

टाहोला जाताना आय-८० महामार्ग सात हजार फुटांवर चढतो. पायलटच्या व्ही-सिक्सला टर्बो नाही, दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे माथ्यावर वीसेक टक्के कमी. उजव्या लेनमधून ताशी ४० मैलांनी चढा, घाई नको. उतारावर गिअर आधीच खाली घ्या. ब्रेक धरून ठेवला की तापून बसतो; दाबा, वेग उतरवा, सोडा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे, ती पाळा.

ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) आणि सात पिनी प्लग बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर २५ मैलांच्या वेगात कंट्रोलरचा हातातला लिव्हर दाबा, ट्रेलरची चाकं जॅम होईपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा, मग एक पायरी खाली. ट्रेलर डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक मारू नका: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, नुसता तो लिव्हर दाबा. साखळ्या कपलरखाली फुलीत ओलांडून लावा, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नाही, गाडीलाच वेगळी अडकवा. निघाल्यावर ५० मैलांनी चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. ट्रेलर जुना घेतलात तर टायरवरचा डॉट कोड वाचा: शेवटचे चार आकडे ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असे जुने टायर बदलूनच रस्त्यावर आणा.