अनुदान म्हणा, पण वाटा कुणाचा?

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या तंबाखू शेतकऱ्यांना करदात्यांनी पोसलं, असं काही जण म्हणतात. २००४ च्या कायद्याने मिळालेल्या पैशापुरतं तरी ते खरं नाही. १९३८ च्या कायद्यातला कोटा, म्हणजे कुणी किती तंबाखू विकायचा याची सरकारी मर्यादा, मोडीत काढताना दिलेली ती भरपाई होती, आणि पैसा वसूल केला तंबाखू कंपन्या नि आयातदारांकडून. खरी गोम वाटपात आहे. कोट्याच्या मालकाला तंबाखूच्या पौंडामागे ७ डॉलर, पिकवणाऱ्याला ३. तेही २००५ ते २०१४ असे दहा वार्षिक हप्त्यांत. कोटा जमिनीला चिकटलेला, त्यामुळे वारशाने शेत मिळालेली शहरातली मंडळीही मालकच! दुसऱ्याचा कोटा भाड्याने घेऊन बर्ली जातीचा तंबाखू कापणारा, काठ्यांवर ओवून कोठारात टांगणारा मात्र धाकटा वाटेकरी. काहींनी तर पुढचे हप्ते बँकेला कमी किमतीत विकून रोकड उचलली.